काळ्या रायफलीची वाटणी

मी, लोवेल सेव्हरिन हॉगन, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा बंदुका बनविणे व दुरुस्त करणे (सध्या फक्त नावे ठेवणे), राहणार विलो फोर्क, टील काउंटी, मोंटाना, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून, कॉफीचा दुसरा कप संपवून, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी माझे हृदय ऐकून मान हलवली, पण डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. दाखला सोबत जोडला आहे. माझा मेहुणा ड्वेन याने तो वाचून, "पण हा पेशंट कोण?" असे विचारले. त्याचे उत्तर देण्यास मी बांधील नाही.

माझ्या वकील नोरा प्रायर यांनी बजावले होते, "मिस्टर हॉगन, काय कोणाला द्यायचं तेवढंच लिहा. का द्यायचं, ते नको." परंतु 'का' लिहायचे नसेल तर मृत्युपत्र आणि किराणा दुकानातली पावती यांत फरक काय राहिला? म्हणून मी दोन्ही लिहिणार आहे. याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः ते, ज्यात ड्वेनला माझ्या दफनविधीच्या वेळी कुंपणाबाहेर उभे करावे असे मी लिहिले होते. आता तो तिथे गुडघ्यांमुळे फार वेळ उभा राहू शकणार नाही.

कलम पहिले. राहते घर, मागची शेड, पिकअप गाडी आणि बँकेत जे काही निघेल ते, माझी एकुलती एक मुलगी कॅरिन हिला द्यावे. ती मिझूला शहरात प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. घर विकायचे झाल्यास तिने खुशाल विकावे. फक्त विकण्याआधी फ्रीझरमधले एल्क हरणाचे मटण चर्चमध्ये वाटून टाकावे, कारण ते खाणार नाही असे तिने मला अनेकदा सांगितले आहे आणि मी ते दर वेळी नव्याने ऐकल्यासारखे केले आहे.

कलम दुसरे. माझा लेथ गावच्या हायस्कूलच्या वर्कशॉपला द्यावा. माझे वडील सेव्हरिन हॉगन यांच्या पटाश्या आणि कानशी त्याच्याबरोबर जाव्यात. माळ्यावर वाळत ठेवलेल्या अक्रोडाच्या फळ्या चर्चच्या महिला मंडळाला द्याव्यात. त्यांची मी हाताने लाटणी करून देणार होतो, नाताळच्या लेफ्सा पोळ्यांसाठी. ते राहून गेले. ती लाकडे मी एकेकाळी रायफलींच्या दस्त्यांसाठी निवडली होती. आज त्या दस्त्यांपेक्षा लाटण्यांना मागणी जास्त आहे, हे मी कोणावरही राग न धरता नमूद करतो.

कलम तिसरे. अक्रोडी दस्त्याची रायफल, जी समोरच्या खोलीत भिंतीवर टांगलेली आहे.

ही मी लग्नात अर्लिसला दिली. अर्लिस स्कार ही माझी बायको, चार वर्षांपूर्वी वारली. ती शाळेची बस चालवायची आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. दोन्ही कामे सारख्याच वेगाने. आमची ओळख काउंटीच्या नेमबाजी स्पर्धेत झाली. तिच्या हातात भावाची उसनी रायफल होती, तिच्या मापाला भलतीच मोठी, आणि तरीही तिने माझ्या खालोखाल नंबर काढला. मी मनात म्हटले, हिला हिच्या मापाची रायफल करून दिली पाहिजे. पुढचा सगळा हिवाळा मी त्या एका लाकडावर घालवला. जवसाचे तेल बोटांनी चोळून चोळून त्यात इतकी चमक आणली की पाद्रीबाबांनी चर्चच्या बाकांसाठी मला विचारले होते.

अर्लिस माझ्या शर्टाच्या खिशाएवढी उंच. हात आखूड. दस्ता तिच्या मापाचा केला तो उन्हाळ्यात. ऑक्टोबरच्या स्पर्धेत तिने जाड कोट घातला आणि तोच दस्ता लांब पडू लागला.

"लोवेल, ही रायफल उन्हाळ्यात माझी आहे. थंडीत कोणा उंच बाईची आहे," ती म्हणाली.

मी दस्ता थोडा कापला. उन्हाळ्यात तो आखूड झाला. मी कापलेला तुकडा परत चिकटवला. तो जोड आजही दिसतो. लोक त्याला नक्षी समजतात.

पुढे तिला घोडीने पाडले आणि गळ्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली. त्यानंतर या रायफलीचा धक्का तिच्या खांद्याला सोसेना. गोळी झाडली की डोळ्यांत पाणी यायचे आणि ती म्हणायची, वारा लागला. वारा नसतानाही म्हणायची. मी दस्त्याला रबराची गादी लावली, काडतुसात दारू कमी भरली, जमले नाही. मग स्पर्धेच्या दिवशी ती पिकअपमध्ये बसून विणकाम करू लागली. जिने मला नेमबाजीत घाम फोडला होता ती बाई काचेआड मोजे विणत बसली आहे, हे मी वर्षानुवर्षे पाठमोरा राहून पाहिले.

ही रायफल मी ड्वेनला देणार होतो. त्याला विचारले. तो म्हणाला, "हिने माझ्या बहिणीचा खांदा दुखवलाय. भिंतीवर छान दिसते. तिथेच राहू दे." म्हणून ती काउंटीच्या वस्तुसंग्रहालयाला द्यावी. तिथल्या बाईंनी आधीच सांगून ठेवले आहे की तशा त्यांच्याकडे बऱ्याच आहेत. असोत. ही धरून आणखी एक.

कलम चौथे. ड्वेन स्कार.

हा माझा मेहुणा, अर्लिसचा धाकटा भाऊ. व्हिएतनामहून परतला तेव्हा त्याला काम मी दिले. सैन्यात त्यांना ती नवी काळी रायफल मिळाली होती: हलकी, अॅल्युमिनियमची, दस्ता प्लास्टिकचा. ती ऐन वेळी अडकायची. या रायफलीचे नाव काढले तरी ड्वेन हातातली कानस खाली ठेवायचा. "पुन्हा दिसली तर तिच्यावरून ट्रॅक्टर नेईन," हे त्याचे शब्द. मी तेव्हा त्याला भला माणूस समजत होतो.

दहाबारा वर्षे त्याने माझ्याकडे चांगले काम केले. मग एका सोमवारी त्याने माझ्या काउंटरवर तीच काळी रायफल ठेवली. सैन्यातली नव्हे, साध्या माणसाला विकत मिळणारी, चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटणारी, पुढची आपसूक जागेवर येणारी.

"हे काय?" मी विचारले.

"रायफल."

"कोणी बनवली?"

"मी. काल. टीव्हीवर मॅच बघत बघत."

"काल?"

"मध्ये जेवायला उठलो होतो."

त्याने मला समजावले. सैन्याने तिच्यातले दोष केव्हाच काढले होते. मूळ कंपनीचा हक्क संपला होता, त्यामुळे आता कोणीही ती बनवू शकत होते, आणि सगळे सैन्याच्या ठरलेल्या मापांनीच बनवत होते. त्याने नळी एकाकडून मागवली, खालचा भाग दुसऱ्याकडून, दस्ता तिसऱ्याकडून. ते तिघे एकमेकांना ओळखतही नसतील. तरी प्रत्येक भाग दुसऱ्यात असा बसला जणू एकाच घरात वाढले होते. माझ्या धंद्यात एका रायफलीचा काडतूस कोंडणारा बोल्ट दुसरीत बसवायचा तर दोन दिवस कानस चालवावी लागे, आणि त्या दोन दिवसांत गिऱ्हाइकाला माझी मते ऐकावी लागत. त्यालाच कारागिरी म्हणत.

"आणि कंटाळा आला तर?" ड्वेनने दोन पिना बोटाने ढकलल्या. रायफल मधोमध उघडून तिचे दोन तुकडे झाले. "वरचा भाग काढायचा, दुसरा लावायचा. सकाळी सशांची, दुपारी कोल्ह्यांची."

"मग तुला माझी गरज काय?" मी विचारले.

त्याने पिना परत जागेवर ढकलल्या. बोलला असता तर बरे झाले असते. महिन्याच्या आत त्याने रस्त्यापलीकडच्या बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानात स्वतःचे दुकान थाटले. मी माझ्या काचेवर पाटी लावली: 'येथे रायफली बनवल्या जातात. जोडल्या जात नाहीत.' दुसऱ्या दिवशी समोर पाटी आली: 'येथे थांबावे लागत नाही.'

माझ्याकडे तेव्हा दोन वर्षांची वेटिंग लिस्ट होती आणि मला तिचा अभिमान होता. थांबायला लागणे हा गिऱ्हाइकाचा त्रास असतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला ती यादी संपावी लागली.

ड्वेनला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्याचे कारण शेवटी येईल.

कलम पाचवे. काळी रायफल.

ती ड्वेनने अर्लिसला वाढदिवसाला दिली. मला न विचारता, माझ्याच घरात, केक कापल्यावर. आखूड नळीची, आणि तिचा दस्ता पुढेमागे सरकायचा. खालची कळ दाबली की टक, टक, एकेक खूण. अर्लिसने स्वेटरवर एका खुणेला लावला, कोट घालून दुसऱ्या खुणेला. मग कोट काढून पुन्हा पहिल्या. तीनचार वेळा असे करून तिने माझ्याकडे पाहिले. मी केक खात होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे खोऱ्यातल्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. मी गेलो तो चेष्टा करायला. तिने रायफल खांद्याला लावली आणि गोळी झाडण्याआधीच डोळे मिटले. दुखणार म्हणून अंग आक्रसून घ्यायची तिला सवय लागली होती. आवाज झाला. ती तशीच उभी राहिली. मग हळूच मागे वळली.

"लोवेल," ती म्हणाली, "दुखलं नाही."

"आवाज वाईट आहे," मी म्हणालो.

"दुखलं नाही रे."

आणखी एक पेटी काडतुसे उघडण्याच्या निमित्ताने ड्वेनने तोंड फिरवले.

कारण मी नंतर शोधले. गोळी बारीक, म्हणून धक्का मुळात कमी. त्यातही या रायफलीत नळी, बोल्ट, दस्त्यातली स्प्रिंग आणि माणसाचा खांदा एका सरळ रेषेत येतात, म्हणून तोंड वर उसळत नाही. स्प्रिंग उरलेला धक्का पिऊन टाकते. माझ्या दस्त्यांना सुंदर वळण होते. त्या वळणामुळेच ते गालावर आदळत. पन्नास वर्षे लोक त्या वळणाचे कौतुक करत होते आणि गाल चोळत होते.

त्या शरदात अर्लिसने स्पर्धेत मला हरवले. जेमतेम नव्हे, लांबच्या निशाण्यावर सरळसरळ. बक्षीस होते डुकराच्या मांडीचे एक अख्खे हॅम. मी म्हणालो वारा तिच्या बाजूने होता. ती म्हणाली, "आपण शेजारी शेजारी पडून नेम धरत होतो, लोवेल." ते हॅम मी आठवडाभर खाल्ले. चवीला चांगले होते.

मग चौऱ्याण्णव साली वॉशिंग्टनने कायदा केला की अशा रायफली नव्याने विकायच्या नाहीत. मला वाटले, संपले. आता लोक शहाणे होऊन माझ्याकडे येतील. कायदा लागू होण्याआधी ड्वेनच्या दुकानापुढे बाजारपेठेच्या कोपऱ्यापर्यंत रांग. ज्यांनी आयुष्यात बदकापलीकडे काही मारले नव्हते तेही उभे. आमचे दंतवैद्य उभे. मी रस्ता ओलांडून त्यांना विचारले, "तुम्हाला कशाला हवी?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "पण उद्या मिळणार नाही ना."

कायद्यात काय असू नये त्याची यादी होती: सरकता दस्ता नको, नळीच्या टोकाला अमुक नको, खाली संगिनीची खाच नको. कारखानदारांनी ते ते काढले आणि उरलेली तीच रायफल वेगळ्या नावाने विकली. तोवर सगळ्या देशाला तिच्या भागांची नावे पाठ झाली होती. ड्वेनने दुकानात कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्या आमच्या खासदारासाठी, नाव न लिहिता, एक नुसती चौकट लावली होती: 'महिन्याचा सर्वोत्तम विक्रेता.' दहा वर्षांनी कायद्याची मुदत संपली तेव्हा तर पूरच आला. इराकहून परतलेली मुले हीच रायफल वापरून आलेली. डोळे मिटून उघडून जोडायची. मेंढपाळांना कोल्ह्यांसाठी हवी. संधिवाताच्या म्हाताऱ्यांना हवी. आखूड हातांच्या बायकांना हवी. जो तो आपल्या मापाला लावून घेई, वर दुर्बीण, पुढे मूठ, हवा तो रंग, आणि म्हणे, "ही माझी." आणि खरेच, तशी दुसरी नसे.

मी काय केले, तेही लिहितो. अर्लिसच्या रायफलीला जी नळी होती ती ठीकठाक होती. मला ते बघवेना. मी लेथवर तिच्यासाठी एक नळी केली, जाड, शांत, माझ्या हातची सर्वांत चांगली. तिला म्हणालो, प्रयोग म्हणून केली. लोकांनी तिचे निशाणे पाहिले आणि मला विचारू लागले. पुढची सगळी वर्षे माझे दुकान त्या काळ्या रायफलींच्या नळ्यांवर चालले. 'जोडल्या जात नाहीत' ही पाटी मी काढली नाही. ड्वेन गिऱ्हाइकांना रस्त्यापलीकडे पाठवायचा आणि वर सांगायचा, "पाटीकडे बघू नका, तो आत आहे."

अर्लिस गेल्यावर ती रायफल माझ्याकडे राहिली. माझाही खांदा आता जाड गोळीला सोसत नाही. मी तीच घेऊन रेंजवर जायचो. दस्ता तिच्या शेवटच्या खुणेवर होता. मी लांब हातांचा माणूस. त्या खुणेवर नेम धरला की शाळेच्या बाकात अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायचो. ड्वेन एकदा म्हणाला, "दोन खुणा मागे घे ना." मी म्हणालो, "राहू दे." त्याने पुन्हा विचारले नाही.

कलम सहावे. कॅरिन आणि मी दोन वर्षे का बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती आली. टर्की ओव्हनमध्ये होती. मी आणि ड्वेन टेबलावर वर्तमानपत्र पसरून तीच रायफल साफ करत बसलो होतो. आमच्या घरी हे टेबल नेहमी असल्याच कामाचे. ती दारात उभी राहिली. कोट काढला नाही.

"बाबा, ते उचल."

"होतच आलंय."

"आत्ता उचल."

ड्वेन तिला म्हणाला, "अगं, आईची आहे तुझ्या."

"माहीत आहे मला, मामा." मग ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने सांगितले. तिच्या शाळेत सराव असतो, बंदूकधारी माणूस आत शिरला तर काय करायचे त्याचा. घंटा वाजली की ती दिवे बंद करते आणि मुलांना सामानाच्या कपाटात बसवते. सात वर्षांची मुले. आवाज न करता श्वास घ्यायला शिकवते. एका मुलीच्या बुटांत दिवे लागतात, चालली की. त्या सरावानंतर तिच्या आईने तिला साधे बूट घेतले.

"देशात कुठे ना कुठे असं घडतं, आणि बातमीत ही दिसते," तिने रायफलीकडे बोट दाखवले.

ड्वेन म्हणाला, "वस्तूचा काय दोष? माणूस वाईट असतो." तो हे दुकानातही म्हणतो.

"तुला ही का आवडते, मामा? खरं सांग."

ड्वेनने प्रामाणिकपणे सांगितले. तो व्यापारी आहे पण खोटारडा नाही. हलकी आहे. धक्का नाही. शिकायला दिवस लागत नाहीत. कोणालाही जमते.

"हेच," कॅरिन म्हणाली. "कोणालाही जमते."

टर्की करपल्याचा वास येऊ लागला. कोणी उठले नाही. मी आयुष्यभर त्या रायफलीला याच एका गोष्टीवरून शिव्या दिल्या होत्या. पण माझे दुःख एवढेच होते की तिला माझी गरज नाही. मी म्हणालो, "तुझ्या आईला हिने पुन्हा उभं केलं." हेही खरे होते. कॅरिन म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा. म्हणूनच हे इतकं अवघड आहे." आणि ती न जेवता परत गेली. बर्फ पडत होते. मिझूला लांब आहे.

कलम सातवे. गेल्या महिन्यात काय झाले.

उन्हाळ्यात माझ्या हृदयाने सूचना दिल्यावर मी नोरा प्रायर बाईंकडे गेलो. त्यांनी विचारले, "रायफल कोणाला?" मी विचारले, "कुठला भाग?" तेव्हा त्यांनी सांगितले की कायद्याच्या दृष्टीने रायफल म्हणजे फक्त खालचा भाग, ज्यावर नंबर असतो. हाताच्या तळव्याएवढी अॅल्युमिनियमची पेटी. बाकी सगळे सुटे सामान.

"आणि नळी?"

"सुटं सामान."

ड्वेन मला गाडीतून घेऊन आला होता. त्याने हे ऐकून घरापर्यंत चारदा सांगितले, "लोवेल, तुझी नळी कायद्याने पाइप आहे."

पण मला एक युक्ती सुचली. मी कॅरिनला फोन केला. तिने उचलला, सरळ म्हणाली, "डॉक्टर काय म्हणतात?" म्हणजे तिला ड्वेनने आधीच कळवले होते. ती शनिवारी आली. मी टेबल पुसून ठेवले होते. काळी रायफल मधोमध. मी दोन पिना ढकलल्या, तिचे दोन भाग केले.

"वरचा मामाला," मी म्हणालो. "खालचा तुला. तुम्ही दोघं एकत्र आलात तरच ती चालेल. नाहीतर नाही."

मला वाटले होते दोघे स्तब्ध होतील. कॅरिन ड्वेनकडे वळली. "मामा, असा खालचा भाग तुझ्या दुकानात असतो?"

ड्वेन छताकडे पाहू लागला. "भिंतीवर टांगलेत. सगळ्या रंगांत."

"म्हणजे बाबा मला जे देतोय ते तू दुपारपर्यंत नवीन लावशील."

"दुपार कशाला," ड्वेन म्हणाला.

कॅरिन हसली. हसू चांगले नव्हते, पण त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसले. मग तिने दस्त्यावर हात ठेवला आणि कळ न दाबता तो ओढून पाहिला. तो हलला नाही.

"एवढा आत का आहे हा?"

ड्वेनने सांगितले. "अर्लिसच्या खुणेवर आहे. तुझा बाप हलवू देत नाही."

तिने त्या प्लास्टिकच्या तुकड्यावरून बोट फिरवले. त्याच्या कडेला अर्लिसच्या गालाने आणि तिच्या क्रीमने एक फिकट, गुळगुळीत डाग पडला होता. "मला एवढंच दे," ती म्हणाली. "बाकीचं काही नको."

ड्वेनने पाना आणला आणि मागच्या नळकांड्यासकट तो दस्ता सोडवून दिला, खूण तशीच ठेवून. दोनपाच मिनिटांत झाले. ही रायफल इतक्या सहज सुटी होते याचे मला त्या दिवशी प्रथमच बरे वाटले.

उरलेला खालचा भाग ड्वेनने उचलला. मला वाटले खिशात घालील. तो माझ्या शेडमध्ये गेला, तो तुकडा वाइसच्या जबड्यात पकडला आणि माझ्याच करवतीने कापू लागला. आम्ही दोघे दारात उभे. नंबर मधोमध कापला गेला, मग आणखी एकदा आडवा. अॅल्युमिनियम मऊ असते. तरी त्याचे गुडघे आणि दम पाहता त्याला वेळ लागला. मी मदत देऊ केली नाही. त्याला नको होती.

"मामा, माझ्यासाठी करतोयस?" कॅरिनने विचारले.

"नाही," ड्वेन म्हणाला. घाम पुसला. "तिची होती. आता आणखी कोणाची व्हायला नको."

"उद्या दुकान उघडशील?"

"उघडीन."

"मग मी भांडत राहीन."

"ये की भांडायला. कॉफी फुकट असते."

अशा रीतीने तिघांनी तीन वेगळ्या कारणांसाठी एकच काम केले. कॅरिनचे कारण तिने सांगितले, ड्वेनचे त्याने. माझे एवढेच की करवत माझी होती. कॅरिन रात्री जेवायला थांबली. एल्क खाल्ले नाही.

म्हणून: दस्ता कॅरिनला मिळालेला आहे, तो या मृत्युपत्राच्या कक्षेबाहेर समजावा. मी केलेली नळी माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावी. कायद्याने तो पाइप असल्यामुळे दफनभूमीच्या समितीला हरकत घेता येणार नाही. घेतल्यास वकीलबाईंचा लेखी अभिप्राय दाखवावा.

कलम आठवे. दफनविधीच्या वेळी बंदुकीची सलामी देऊ नये. नेमबाजी क्लबातले लोक आग्रह धरतील. त्यांना सांगावे की कॅरिनच्या वर्गातली मुले कदाचित तिच्याबरोबर येतील. ऑर्गन कोणीही वाजवला तरी चालेल, फक्त अर्लिसपेक्षा सावकाश वाजवावा.

कलम नववे. साक्षीदार. वकीलबाईंनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळता कामा नये, नाहीतर भानगड होते. मी विचारात पडलो; गावात माझ्याकडून काहीच न मिळालेला माणूस सहज सापडेना. ड्वेन बाहेरच्या खोलीतून ओरडला, "अरे, मग माझ्याहून लायक कोण आहे?"

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन ठिकाणी स्वतःच नरम केला. ती ठिकाणे कोणती, हे कोणी शोधू नये.

ठिकाण: विलो फोर्क, मोंटाना
दिनांक: ११ ऑक्टोबर २०१९

सही: लोवेल सेव्हरिन हॉगन

साक्षीदार पहिली: बर्निस ओडेगार्ड, शेजारीण. (मजकूर वाचलेला नाही. मिस्टर हॉगन यांना सही करताना पाहिले. चष्मा घातला होता.)

साक्षीदार दुसरा: ड्वेन स्कार, समोरचा दुकानदार. (वकीलबाई म्हणतात शेरा लिहायचा नसतो. वाचलं. माझ्याबद्दलचं सोडून बाकी सगळं खरं आहे. अंमलबजावणीची घाई नाही.)